पडद्याआडचं उत्तर

मनोरमा घाडगेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा फक्त एक हात दिसला.

१९९४चा मार्च महिना होता. माझे यजमान स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि इंदूरला स्नेहलतागंजातल्या एका नर्सिंग होमच्या पुरुष वॉर्डात त्यांना ठेवावं लागलं. पायाला वजनं बांधलेली. दीड महिना जागचं हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी तेव्हा सातवी-आठवीला मराठी शिकवत होते. सकाळची शाळा आटोपली की मी थेट वॉर्डात यायची आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या खाटेशेजारी वह्या तपासत बसायची. वॉर्डात सहा खाटा. प्रत्येक खाटेभोवती हिरवा पडदा होता, पण त्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, त्यामुळे कितीही ओढला तरी वीतभर फट राहायचीच.

समोरच्या खाटेवर हरीभाऊ नावाचे साठीचे गृहस्थ होते. कापड मिलमध्ये तीस वर्षं लूम चालवलेले. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, लघवीला नळी होती. त्या दुपारी त्यांचा पडदा ओढलेला होता आणि आत नर्स त्यांचं अंग पुसत होती. एकाएकी आतून खणखणीत आवाज आला.

"बाई, एवढं तर माझ्या लग्नाच्या बायकोनेबी कधी बघितलं नाही हो!"

सगळा वॉर्ड हसला. खिडकीजवळचा पेशंट ओरडला, "वाह दादा, क्या बात है!" खोटं कशाला सांगू, मीही वहीत तोंड घालून हसले.

मान वर केली तेव्हा पडद्याच्या फटीतून तो हात दिसला. ओला, बाही कोपराच्या वर सारलेली. दोन बोटं चिमटीसारखी जुळली, मनगट दोनदा फिरलं आणि मग तळवा हलकेच खाली दाबल्यासारखा झाला. तोंडातून एक शब्द नाही. हरीभाऊ आतून "बरं, बरं," म्हणाले आणि गप्प झाले.

"काय केलं तिने?" यजमानांनी मला हळूच विचारलं.

"दटावलं असेल," मी म्हटलं.

पण पडदा सरकला तेव्हा हरीभाऊंचा चेहरा दटावलेल्या माणसाचा नव्हता. गच्च भरलेल्या टेंपोत कुणी सरकून जागा करून दिली की माणूस जसा टेकतो, तसे ते उशीला टेकले होते. आणि त्या हाताची बाई बादली उचलून दाराकडे निघाली होती. पस्तिशीची, सावळी, बुटकी, चालताना पाय किंचित फेंगडे पडणारी. माझ्या डोळ्याला तिची नजर भिडली. मी हसले होते हे तिला ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

त्यानंतर मी वह्यांपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहू लागले.

आमच्या यजमानांचंच सांगते. ते पोस्टात होते. स्वभावाने सज्जन, पण अंगाला परक्या बाईचा हात लागणार म्हटल्यावर त्यांचा जीव अर्धा झाला होता. पहिल्या दिवशी तिने पाठीवर ओला कपडा फिरवायला सुरुवात केली आणि त्यांना काय बोलावं सुचेना. शेवटी सुचलं ते हे, "बाई, तुम्ही कोणापैकी? म्हणजे, आडनाव काय तुमचं?"

मी शरमेने मान खाली घातली. असल्या वेळी आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्याकडे कुणालाही कळतं. मनोरमाचा हात थांबला नाही. "दादा, पाणी गार होईल," ती म्हणाली. "आधी पाठ होऊ द्या. आडनाव काय पळून जात नाही." आणि पाठ झाल्यावर, टॉवेलने अंग टिपता टिपता, तिने स्वतःहून सांगितलं, "घाडगे. सासर साताऱ्याकडचं, पण पाहिलेलं नाही. आजेसासरे मिलसाठी इंदूरला आले ते इथलेच झाले. आता कूस बदला. मी धरलंय." त्यानंतर हे तिला कधीही वेडंवाकडं बोलले नाहीत. उलट तिची वेळ झाली की मला म्हणायचे, "तू जरा बाहेर जा. ती नीट करते."

खिडकीजवळचा पेशंट म्हणजे बंटी. महू रोडकडे नव्या कॉलन्यांचे प्लॉट विकायचा. तेव्हा शहरात असे तरुण एकदम खूप दिसायला लागले होते, गळ्यात साखळी, शर्टाचं वरचं बटण उघडं. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, बाकी तब्येत ठणठणीत. एके दिवशी तो मनोरमाला म्हणाला, "सिस्टर, इधर भी तो कर दो ना साफ. अच्छे से." आणि आम्हा सगळ्यांकडे बघून हसला.

ह्या वेळी मनोरमा वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "भिया, पाँव टूटा है, हाथ तो दोनों सलामत हैं आपके. ये लो स्पंज, ये साबुन. पडदा मैं लगा देती हूँ. हो जाए तो आवाज देना, बाल्टी ले जाऊँगी."

वॉर्ड पुन्हा हसला. बंटी पडद्याआड एकटाच बादली घेऊन बसला. दुसऱ्या दिवशीपासून तो तिला 'दीदी' म्हणू लागला.

मला मात्र कोडं पडलं. बंटीला एवढं मोठ्याने आणि हरीभाऊंना नुसता हात? मास्तरकीची सवय, विचारल्याशिवाय राहवेना. चारच्या सुमारास ती जिन्याखाली बाकड्यावर बसून बशीतून चहा प्यायची. मी तिथे जाऊन बसले.

"सिस्टर, तुम्ही त्या दिवशी हरीभाऊंना हाताने काय सांगितलंत?"

तिने बशी खाली ठेवली. आधी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही हसला होतात," ती म्हणाली.

"हसले. चुकलं माझं."

"नाही हो, हसू येतंच. मलापण येतं कधी कधी." मग तिने सांगितलं. "बघा बाई, कपडे काढलेला माणूस दोन प्रकारचं बोलतो. एक लाजेचं, एक खोडीचं. शब्द कधी कधी सेम असतात. खोडीचं उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं द्यायचं, म्हणजे पुन्हा करत नाही. लाजेचं उत्तर फक्त त्यालाच. हळू. कानाशी."

"हे शिकवतात का तुम्हाला?"

"कुठलं! दीड वर्षाचा एएनएमचा कोर्स केला मी, लग्नाच्या आधी. त्यात बेडपॅन कसं द्यायचं ते शिकवलं. देताना माणूस काय बोलेल ते नाही शिकवलं. चुकून शिकले. ह्या वॉर्डात नवी होते तेव्हा एक कॉलेजचा मुलगा होता, अपघाताचा. मी त्याचं अंग पुसत होते तर म्हणाला, सिस्टर, आप ही रोज आओगी क्या? मला वाटलं खोडी. मी मोठ्याने म्हणाले, क्यों, बारात लानी है? सगळे हसले. तर तो खोडी नव्हता करत. उद्या दुसरीच कोणी बाई येईल, पुन्हा नव्याने लाज वाटेल, म्हणून विचारत होता बिचारा. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही त्याने. पाठ सोलून निघाली."

"मग?"

"मग काय, माफी मागितली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. चूक मोठ्याने केली, तर माफी कानात सांगून कसं चालेल?"

पंचवीस-तीस मुलांसमोर एखाद्याला बोलून, मग त्याला कोपऱ्यात घेऊन समजावल्याचे माझे प्रसंग मला आठवत होते.

"आणि हरीभाऊ?"

"त्यांचं बोलणं लाजेचंच आहे. पण लूम खात्यातला माणूस, बाई. शेकडो साचे, म्हणजे लूम, एकदम चालतात तिथे. कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातानेच. तीस वर्षं तिथे काढली की माणूस अर्धा बहिरा होतो. हरीदादांना वाटतं आपण पुटपुटलो, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातं. आता मी हळू बोलले तर त्यांना ऐकू येणार नाही. मोठ्याने बोलले तर सगळ्यांना येईल. मग काय करणार? खूण केली." तिने ती खूण मला पुन्हा करून दाखवली. चिमूट, मनगटाचे दोन फेरे, खाली दाबलेला तळवा. "शेजारचा माणूस पाणी प्यायला गेला आणि त्याच्या साच्यावर धागा तुटला, की बाजूचा अशी खूण करतो. धागा तुटलाय, मी बघतो, तू घाबरू नको. जॉबरला कळायच्या आत जोडून टाकायचा. जॉबर म्हणजे त्यांचा मुकादम."

"तुम्ही कधी होतात मिलमध्ये?"

"मी नाही हो. आमचे हे. मारुती नाव. लूमवरच होते. घरी आले तरी हात चालूच. जेवताना भाजी पाहिजे, पुरे, पाणी दे, सगळं खुणेने. आमची शुभदा बोलायच्या आधी खुणा शिकली." ती हसली आणि एकदम गंभीर झाली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाई, एक सांगू? मी ह्या वॉर्डात आहे हे कुणापाशी बोलू नका. आमच्या घरी ठाऊक नाही."

मग जे होतं ते तिने सांगून टाकलं. मिलला टाळं लागून दोन वर्षं झाली होती. मारुती अजून सकाळच्या पाळीला उठायचा, दाढी करायचा आणि गेटपर्यंत चालत जाऊन यायचा. भोंगा होत नव्हता तरी. घर मनोरमाच्या नोकरीवर चालत होतं आणि शुभदाची अकरावीही. नोकरीला पाठवताना मारुतीने एकच अट घातली होती, बाळंतिणींच्या वॉर्डात काम करायचं, पुरुषांच्यात नाही. पहिले आठ-दहा महिने ती खालच्या मजल्यावर बाळंतिणींकडेच होती. पण जानेवारीत पुरुष वॉर्डातला माणूस सोडून गेला आणि मॅट्रननी तिला वर पाठवलं. वर जा, नाहीतर घरी जा. ती वर आली. घरी बोलली नाही.

"कळलं तर?"

"कळलं तर उद्यापासून घरी," ती म्हणाली. "ते मारणारे-बिरणारे नाहीत. पण त्यांचं सगळं गेलंय बाई. मिल गेली, हातातलं काम गेलं. आता बायकोला कोणी काहीबाही बोलतं आणि ती पोटासाठी ऐकून घेते, हे त्यांना कसं सोसेल? मी काम सोडेन. शुभदाला शाळेतून काढावं लागेल. तेवढंच."

तेवढंच, असं म्हणून तिने चहा संपवला आणि ती वर गेली.

मी कुणाला सांगितलं नाही. पण सांगणारे दुसरे होते. रविवारी हरीभाऊंना भेटायला लूम खात्यातले चार-पाच जुने सोबती आले. त्या वेळी मनोरमा वॉर्डाच्या एका टोकाला औषधं देत होती आणि हरीभाऊ दुसऱ्या टोकाच्या संडासाकडे बघत चुळबुळ करत होते. तिने तिकडूनच दोन बोटं उचलली, थांबा, आलेच. हरीभाऊंनी अंगठा वर केला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्या सोबत्यांतला एक मारुतीच्याच गल्लीत, परदेशीपुऱ्यात राहणारा होता. त्याने मनोरमाला ओळखलं, आणि ती खूणही ओळखली.

रात्र पडायच्या आत गल्लीत बोलणं झालं. पुढे मनोरमाने मला सांगितलं. ओट्यावर चार जण बसले होते आणि तो म्हणाला, "मारुती, तुझी घरवाली तर आपली जबान बोलते यार. मर्दाना वॉर्डात, खाटेवरच्या माणसाशी, इकडून तिकडे खुणा. हमने देखा." बाकीचे हसले. मारुती उठून घरात गेला आणि जेवला नाही. मनोरमाला काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

सोमवारी दुपारी भेटीच्या वेळी वॉर्डाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी. मी त्याला ओळखत नव्हते. कुणाचा तरी पाहुणा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण तो पुढे येईना. त्याचे डोळे हरीभाऊंच्या पडद्यावर खिळलेले होते.

हरीभाऊंची नळी त्या सकाळीच काढली होती. अशा वेळी पहिले एक-दोन दिवस ताबा राहत नाही, हे नर्सना माहीत असतं. माणसाला माहीत नसतं. आतून तो खणखणीत आवाज आला, "गेलं! सगळं गेलं चादरीत! लेकराहून वाईट झालं माझं!" आणि मग त्याच आवाजात रडणं. म्हातारा पुरुष मोठ्याने रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. वॉर्डात पंधरा-वीस माणसं होती. कुणी हसलं नाही, पण सगळे पडद्याकडेच बघत होते.

फटीतून मनोरमाचे हात दिसले. चिमूट. मनगट. तळवा.

तो दारातला माणूस ताडताड चालत गेला आणि त्याने पडदा एका बाजूने सरकवला. मनोरमाने मागे न बघताच म्हटलं, "पडदा लावा. आत यायचं तर या, पण पडदा लावा." त्याने लावला. तो आत गेला. आमच्या खाटेवरून ती वीतभर फट मात्र दिसत होती आणि शब्दही ऐकू येत होते. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

मारुती दबक्या आवाजात बोलला. "ही खूण आपल्या खात्याची आहे. बायकांची नाही."

मी वहीतलं एक अक्षर वाचत नव्हते.

"मग तुम्ही करा," मनोरमा म्हणाली. "मी चादर ओढते."

रागाने म्हटलं नाही तिने. विनवणीही नव्हती. जसं ती मला म्हणायची, बाई जरा ही उशी धरा, तसंच. आणि ती ओली चादर गोळा करू लागली.

तेवढ्यात हरीभाऊंनी डोळे पुसले आणि त्यांना मारुती दिसला. पाच वर्षं दोघं शेजारशेजारच्या लूमवर होते. "अरे मारुती!" ते गरजले. आपण वॉर्डभर ऐकू जातोय याची त्यांना कल्पनाच नव्हती. "तू कसा रे इथे? ही बाई आपल्या खात्यातली आहे का? कुणाची आहे रे ही?"

आता सगळा वॉर्ड उत्तराची वाट बघत होता. मारुतीने तोंडाने उत्तर दिलं नाही. त्याने आपला हात उचलून आपल्याच छातीवर ठेवला.

हरीभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "अरे देवा! तुझी बायको! आणि मी काय काय बोललो तिला!"

मग मी पाहिलं ते असं. मारुतीने हरीभाऊंचे तोंडावरचे हात धरून खाली केले. त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आणि त्याने ती खूण केली, चिमूट, दोन फेरे, तळवा. मनोरमा करायची त्याहून कितीतरी जलद आणि सफाईने. मग दुसरी, मग तिसरी. हरीभाऊही हात हलवू लागले. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. मध्ये एकदा हरीभाऊ हसले. तेवढ्या वेळात मनोरमाने त्यांचं अंग पुसलं, कोरडं केलं, धोतर बदललं आणि नवीन चादर घातली. "उचला," ती म्हणाली तेव्हा मारुतीने त्यांना काखेत हात घालून उचललं. "ठेवा," म्हणाली तेव्हा ठेवलं.

काम झाल्यावर मारुती आला तसाच निघून गेला. बायकोशी एक शब्द बोलला नाही. बंटीने पलंगावरून त्याला नमस्कार केला, त्याच्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

मनोरमा बादली घेऊन आमच्या खाटेपाशी थांबली. "बाई, उद्या मी आले तर आले," ती म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी आली. त्यापुढच्या दिवशीही आली. घरात मारुती बोलत नव्हता. जा म्हणत नव्हता, नको म्हणत नव्हता. "मीपण बोलत नाही," तिने मला सांगितलं. "विचारायला गेले तर नाही म्हणतील. न विचारता येते." यजमान रोज सकाळी दाराकडे डोळे लावून असायचे. मला म्हणायचे, "आली का गं?" असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी ती चहाच्या वेळी स्वतः मला बोलवायला आली. बाकड्यावर बसलो.

"काल रात्री बोलले," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"विचारलं, हरीदादा चालायला लागले का?"

"आणि?"

"मी म्हटलं, हो, संडासापर्यंत जातात. बस. झालं." तिने बाजूची पिशवी उघडून डबा दाखवला. "आज हा त्यांनी भरला. पोळ्या जाड्या झाल्यात, पण भरला."

माझे यजमान एप्रिलच्या अखेरीस घरी आले. पण मनोरमाची ओळख सुटली नाही, मीच सुटू दिली नाही. मी तिच्याकडे जायची, ती माझ्याकडे यायची. मारुतीला पुढे एका कारखान्यात चौकीदारी मिळाली. मिलचं गेट पाहायला जाणं कधी बंद झालं ते तिच्याही लक्षात आलं नाही. मिलवाला, कानाने गेलेला कुणी वॉर्डात आला की ती मारुतीला निरोप पाठवायची आणि तो ड्यूटी संपवून यायचा. पडद्याच्या आत, पेशंटच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा. ह्याबद्दल दोघं कधी बोलत नसत. मी एकदा मारुतीपाशी त्याचं कौतुक करायला गेले तर तो म्हणाला, "मास्तरीणबाई, मैं तो बस बात करता हूँ. काम तो वही करती है." मारुती दोन हजार अकरा साली गेला.

मनोरमा त्या वॉर्डात एकवीस वर्षं होती. शेवटची दहा वर्षं वॉर्डाची प्रमुख. केरळच्या मुली आल्या, झाबुआकडच्या आल्या, सिमरोलहून एक अमिता आली. प्रत्येकीला पहिल्या दिवशी ती रिकाम्या खाटेवर झोपायला लावायची आणि दुसरीला तिचं अंग पुसायला सांगायची. मग विचारायची, आत्ता काय बोलावंसं वाटलं? मुली लाजायच्या. अमिता म्हणाली होती, "दीदी, मुझे लगा कुछ भी बोल दूँ, बस चुप न रहना पड़े." मनोरमा म्हणाली, "बस. हेच लक्षात ठेव. खाटेवरचा पण असाच आहे."

तिच्यात दोष नव्हते असं नाही. नातेवाइकांवर ती फार डाफरायची, विशेषतः नुसतं उभं राहणाऱ्या पुरुषांवर. बायकोला वारा घालायला लावून स्वतः खुर्चीत पेपर वाचणाऱ्या एका इंजिनिअरच्या हातातून तिने पेपर काढून घेतला होता आणि त्याची तक्रार डॉक्टरांपर्यंत गेली होती. तिने माफी मागितली नाही. ही चूक नव्हती म्हणाली. काही माणसांचं तिला शेवटपर्यंत उमगलं नाही, खोडी की लाज. तेव्हा ती लाज समजायची. "खोडी असेल तर उद्या पुन्हा करेल," म्हणायची, "तेव्हा बघू."

शुभदा शिकली, आणि राऊच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. आई-मुलगी दोघी तिकडेच राहतात. मनोरमा आता सहासष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ती सकाळी सातच्या बसने शहरात येते आणि एका लकवा झालेल्या निवृत्त मास्तरांना अंघोळ घालून अकराच्या बसने परत जाते.